काठ बाहेर, काठ आत

कापड डोळ्यांनी बघतो तो गिऱ्हाईक आणि अंगठ्याने बघतो तो दुकानदार, असं माझे सासरे म्हणायचे. मी या दोन्हींत नव्हते. मी विणकराची मुलगी. आमच्या घरी कापड बघायला कोणाला सवडच नसे, ते करण्यात दिवस जायचा. त्यामुळे आणीबाणी उठली त्या वर्षी लग्न होऊन तुमसरला आले, तेव्हा कापडाबद्दल मला कोणी काही शिकवावं असं उरलेलंच नाही, अशी माझी ठाम समजूत होती. वय एकोणीस. त्या वयात सगळ्याच समजुती ठाम असतात.

माहेर मोहाडीच्या बाजूचं, कोसा, म्हणजे रानरेशीम, विणणाऱ्यांच्या वस्तीतलं. जंगलात येनाच्या झाडांवर वाढवलेले कोश टोपल्यांतून आमच्या दारी यायचे. माय ते राखेच्या पाण्यात उकडायची. तो वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही आणि ज्याने घेतला तो जेवताना त्याची आठवण काढणार नाही. मग माय भिंतीला टेकून बसायची, लुगडं मांडीपर्यंत वर घ्यायची आणि चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरून तळहाताने मांडीवर वळत वळत सूत काढायची. वर्षानुवर्षं असं केल्याने तिच्या डाव्या मांडीवर तळहाताएवढी जागा गुळगुळीत आणि कडक झाली होती. लहानपणी मी त्या जागेवर डोकं ठेवून झोपायचे. बाकीच्या मुलींना आईची मांडी मऊ वाटते म्हणतात. मला तसं म्हणता यायचं नाही.

मायचं सूत एकसारखं नसायचं. हात-दीड हातावर बारीकशी गाठ यायची, मग थोडं बारीक, पुन्हा जाड. मांडीवर काढलेल्या सुताची ती खूणच. पण प्रत्येक बाईची गाठ वेगळी. शेजारच्या काकूची गाठ लांबुळकी, मायची मोहरीएवढी गोल. डोळे मिटून बोट फिरवलं तरी हे सूत कोणत्या घरचं ते मला सांगता यायचं आणि त्याचा मला भारी तोरा होता.

बाबा खड्ड्याच्या मागावर बसायचे. करवत काठाचं लुगडं ही त्यांची खासियत. या काठाला करवतीसारखे दाते असतात. काठाचं लाल सूत आणि अंगाचं कोश्याचं सूत एकमेकांत दाते घालून बसतं, त्यासाठी आडवं सूत नेणारे तीन धोटे लागतात आणि एकट्याचे हात पुरत नाहीत. दुसरे हात माझे. लग्न होईपर्यंत मी काठाशी बसून तिसरा धोटा सरकवला. बाबा फार बोलायचे नाहीत. दाता चुकला तर थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे, बस्स. चार शिव्या परवडल्या असत्या.

नवं कोरं कोश्याचं लुगडं पापडासारखं कडक. नेसलेली बाई दोन बायांएवढी दिसते. पण धुण्याधुण्याला ते मऊ होत जातं आणि दहा वर्षांनी असं होतं की अंगावर आहे हे विसरायला होतं. थंडीत ऊब देतं, उन्हाळ्यात घाम धरत नाही. सोवळ्याला चालतं, म्हणून पूजेचा स्वयंपाक त्यातच करायचा. यात धर्म असेल तो असो, पण शहाणपणही आहे. चुलीतली ठिणगी कोश्यावर उडाली तर केस जळल्यासारखा वास येतो, तेवढी जागा काळी पडते आणि आपोआप विझते. सुती भडकतं. नकली रेशीम तर कागदासारखं भसकन पेटतं. माय हे आम्हाला एकेक धागा जाळून दाखवायची.

सासरचं दुकान तुमसरच्या धान्यबाजाराजवळ होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार आणि दाराला परदा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. हे महिन्यातून दोनदा माल आणायला नागपूरला जायचे आणि गादीवर मामाजी, म्हणजे माझे सासरे. उंच, सडपातळ माणूस. आवाज हळू. गिऱ्हाइकाला कधी ‘घ्या’ म्हणायचे नाहीत. ठाणाची घडी उघडायचे, मधल्या पदरात हात घालून कापड अंगठा आणि दोन बोटांत धरायचे आणि हे कशाला चालेल आणि कशाला चालणार नाही ते सांगायचे. चालणार नाही ते आधी.

परद्याआडून हे ऐकता ऐकता माझा तोरा उतरला. मला एक कोसा कळत होता, या माणसाला सगळंच कळत होतं. मांजरपाट भरड आणि पिवळट, पण गादीच्या खोळीला त्याच्यासारखं दुसरं नाही, आणि माणसाच्या शेवटच्या प्रवासाला पण तेच. पॉपलीन अंगाला गुळगुळीत, फाडलं की सरळ रेषेत चर्र आवाज करत फाटतं. आवाज फुसका आला तर सूत कच्चं. वायल उन्हाळ्यात झकास, पण त्याखाली दाट सुती लठ्ठ्याचा परकर हवाच, नाहीतर गावभर चर्चा. चिखल्याच्या खाणीतली माणसं यायची तेव्हा मामाजी पांढरं कापड वर काढायचेच नाहीत. त्यांना दाट विणीचं खाकी ड्रिल, कारण मँगनीजची काळी भुकटी विरळ कापडात एकदा शिरली की धोब्याच्या बापालाही निघत नाही. धानाच्या रोवणीच्या बायांना सुती लुगडं. टेरिलीनचं पातळ लवकर वाळतं हे खरं, पण चिखलात वाकून काम करताना त्याचा काष्टा सुटतो. हे एका बाईने भर दुकानात असं साभिनय सांगितलं की मामाजी शिंकेचं निमित्त करून आत आले आणि माझ्यासमोर हसले.

माझ्या नवऱ्याला मात्र टेरिकॉटचं वेड. इस्त्री लागत नाही, विरत नाही, सुरकुतत नाही. मामाजी म्हणायचे, “घामही जात नाई. माणूस आतून उकडते अन् वरून कडक दिसते.” नव्याचे नऊ दिवस, असं त्यांचं मत होतं. त्यात मात्र ते चुकले. टेरिकॉटने चांगली पंधरा वर्षं राज्य केलं.

त्यांचं नाव त्यांच्या हातात होतं, अगदी शब्दशः. सानगडीपासून चिखल्यापर्यंतची माणसं दुकानात येऊन म्हणायची, “शेठ, तुमी हात लावून सांगा.” त्यांनी हात लावून चांगलं म्हटलेलं कापड कोणी परत आणल्याचं मला आठवत नाही.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आठ दिवस तोंड वाकडं होतं, महिनाभर पाय ओढत होते, मग सगळं पूर्ववत झालं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. ते पुन्हा गादीवर बसायला लागले. घरातले, बाजारातले सगळे निर्धास्त झाले.

मला पहिल्यांदा शंका आली ती उदबत्तीच्या वेळी. ते रोज सकाळी गल्ल्यावरच्या तसबिरीला उदबत्ती लावायचे. त्या दिवशी मी आतून चहा घेऊन आले तर काडी त्यांच्या उजव्या हाताच्या चिमटीपर्यंत जळत आली होती आणि ते शांतपणे तसबिरीकडे बघत उभे होते. मी काडी फुंकली. त्यांनी बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चहा घेतला. कप डाव्या हाताने.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी घरातल्या उशांना नवीन अभ्रे शिवायला म्हणून दुकानातला लठ्ठा घेतला. भिजवला, चोळला, तर बादलीभर खळ निघाली आणि हातात चाळण उरली. असा माल या दुकानात कधी आला नव्हता. मी तडक ते ओलं कापड घेऊन दुपारच्या रिकाम्या दुकानात गेले. माझ्या जिभेला हाड नाही असं माय म्हणायची ते काही उगाच नाही.

“मामाजी, हा लठ्ठा तुमी हात लावून घेतला?”

 ते उजवा हात मांडीवर उताणा ठेवून म्हणाले, “लाकडाचा झाला आहे हा. उचलते सगळं, समजत काही नाई.”

“अन् डावा?”

“त्याले कधी शिकवलंच नाई.”

मी बोलून मोकळी झाले होते आणि आता मला रडू येत होतं. या माणसाचं दुकान गेलं नसतं, दुकान नवऱ्याने चालवलं असतंच. पण ‘शेठ, हात लावून सांगा’ असं म्हणत कोणी आलं नसतं, आणि त्याशिवाय मामाजी म्हणजे पांढऱ्या धोतरातला एक म्हातारा उरला असता. त्यांना हे कळत होतं. मला कळलं हेही त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरचा एक दलाल ठाण घेऊन आला होता. मामाजींनी नेहमीसारखा मधल्या पदरात हात घातला, मान हलवली आणि परद्याकडे तोंड करून म्हणाले, “सूनबाई, याची नीट घडी करून आण.” मी ठाण आत नेलं. तेव्हाच ते पाणी प्यायच्या निमित्ताने मागोमाग आले आणि हळूच म्हणाले, “चांगला असंल तं काठ बाहेर ठेव. नसंल तं आत.”

एवढंच आमचं बोलणं झालं. पुढची दोन वर्षं तुमसरच्या त्या दुकानात येणारं प्रत्येक ठाण माझ्या अंगठ्याखालून गेलं आणि कोणाला पत्ता लागला नाही. सुनेने कापडाची घडी करणं यात बघण्यासारखं काय आहे? माझ्या नवऱ्यालाही कळलं नाही. काठ बाहेर दिसला की मामाजी म्हणायचे, “ठेवा.” आत गेलेला असला की म्हणायचे, “हे आपल्या इकडे चालणार नाई.” मी चुकले नाही. एकदाही नाही. आणि चुकत नाही याचा तोरा पुन्हा चढला होता.

सानगडीच्या एका मोठ्या शेतकरी घरातल्या काकू दरवर्षी यायच्या. त्यांच्याकडे महालक्ष्म्या मोठ्या असायच्या, दोन पंगती उठायच्या आणि नैवेद्याचा सगळा स्वयंपाक काकू सोवळ्यात, एकट्या, तीन चुलींवर करायच्या. त्या वर्षी त्यांचं जुनं कोश्याचं लुगडं विरलं होतं. त्यांना करवत काठाचं नवं हवं होतं. मामाजींनी ते काम माझ्या बाबांना सांगितलं. महालक्ष्म्यांच्या आधी पोचलं पाहिजे, एवढीच अट.

बाबा आले ते सणाला आठ दिवस राहिले असताना. आभाळ भरलेलं होतं, दुकानात अंधार होता. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या पिढीतले ते. माझा मुलगा झाल्यापासून पाणी प्यायला लागले होते, जेवत मात्र अजून नसत. ते गादीच्या कडेला टेकले. मामाजींनी पदर बघितला, काठ बघितला, कौतुक केलं आणि सवयीने हाक मारली, “सूनबाई, घडी करून आण.”

मी हसत हसत लुगडं आत घेऊन गेले. बाबांच्या कापडाची परीक्षा मी करायची, याची मला गंमत वाटत होती. पदराकडून हात घातला. मायची गाठ लागली, मोहरीएवढी, गोल. पुन्हा हातभराने गाठ. मी नुसता चाळा म्हणून बोट पुढे नेत राहिले. चार वार झाले, आणि गाठ यायची थांबली.

मी थोडं मागे येऊन पुन्हा बोट फिरवलं. एका जागेपासून पुढे बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत एकसारखं होतं, गार आणि निसरडं. दोन हात तसंच. मग पुन्हा मायची गाठ सुरू झाली आणि शेवटपर्यंत राहिली. रंग हुबेहूब जुळवला होता. त्या उजेडात डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. नेसल्यावर तो भाग निऱ्यांत जाणार होता.

नकली रेशीम होतं ते. बाबांच्या मागावर.

पण माझा पहिला विचार बाबांचा नव्हता. पहिला विचार असा की माय आजारी आहे. तिचं सूत मधेच सरलं, ती मांडीवर काढू शकली नाही, सण तोंडावर आला, आणि बाबांनी मिळेल ते सूत भरून कापड पुढे नेलं. ती उठून बसली तेव्हा राहिलेलं तिच्या सुताने पुरं केलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन हात कापडात ते सगळं लिहिल्यासारखं होतं.

परद्याच्या फटीतून मी बाहेर बघितलं. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत बसले होते. आयुष्यभर दुसऱ्याचा दाता चुकला की नुसतं बघणारा माणूस. मी काठ आत ठेवला असता तर मामाजींना त्यांना ‘चालणार नाही’ म्हणावं लागलं असतं, तेही माझ्या सासरी, गादीच्या कडेला बसवून.

मी काठ बाहेर ठेवून घडी केली.

मामाजींनी घडी बघितली आणि म्हणाले, “व्याही, तुमच्या मालात काय पाहावं.” बाबा उठले. मी दारापर्यंत गेले.

“माय कशी आहे?”

“बरी आहे. ताप होता जरा.” माझ्याकडे न बघता त्यांनी छत्री उघडली.

लुगडं दुसऱ्याच दिवशी सानगडीच्या माणसाबरोबर रवाना झालं. मी मनाची समजूत घातली. दोन हात तर आहे. निऱ्यांत जाईल. कोणाच्या बापाला कळणार आहे? ज्यांना कळलं असतं त्यांचा हात लाकडाचा होता आणि ज्याला कळलं होतं तो हात माझा. हे वाक्य मनात आलं आणि मला माझीच शिसारी आली. दोन वर्षं मी ज्या माणसाचं नाव राखून होते, त्याच्याच आंधळ्या बाजूने मी त्याला फसवलं होतं.

तरी मी गप्प राहिले असते, हेही खरं आहे. तीन दिवस राहिलेच की. चौथ्या दिवशी भाकरी करताना चुलीत ओलं लाकूड तडकलं आणि ठिणगी माझ्या पातळावर पडली. पातळ टेरिलीनचं. क्षणात भोक पडलं, कडा वितळून गुंडाळी झाली आणि ती गरम गुंडाळी मांडीला चिकटली. लहानसा फोड, बाकी काही नाही. पण मी तवा उतरवून तशीच बसून राहिले. मला काकू दिसत होत्या, तीन चुलींमधे, वाकलेल्या, निऱ्या विस्तवापासून वीतभर. कोसा आहे म्हणून निर्धास्त.

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर मी परदा सारून बाहेर गेले.

“मामाजी, सानगडीच्या लुगड्याची घडी खोटी केली मी.”

त्यांनी चष्मा काढला.

“मधात दोन हात नकली रेशीम आहे. समजलं होतं मले.”

“तुह्या बापानं काहून केलं असं?”

“माय बिमार होती. सूत सरलं.”

“बाप बोलला?”

“नाई. सुतात समजलं.”

ते रागावतील म्हणून मी तयार होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत राहिले, थंडीत चोळतात तशी. मग म्हणाले, “उद्या सकाळची गाडी धरू. तू पण चाल. अन् हे व्याह्याच्या कानावर जायचं नाई.”

तुमसरहून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, तिथून सानगडी. तीन गाड्या, आणि मांडीवर माझा मुलगा. दोन्ही बाजूंना धान पोटरीत आलेलं, तलाव काठोकाठ भरलेले. मामाजींच्या पिशवीत दुकानातलं दुसरं कोश्याचं लुगडं होतं, साध्या काठाचं. रस्ताभर ते मुलाशी बोलत होते, माझ्याशी नाही.

काकूंनी लुगडं देवघरात पाटावर ठेवलं होतं, वर हळदकुंकू वाहिलेलं.  ओसरीवर त्यांचे दीर, जावा, दोन शेजारी असे सगळेच होते. एवढ्या माणसांत बोलू नका, असं मला मामाजींना सांगावंसं वाटत होतं. ते बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “काकू, ते लुगडं मागं द्या. मधात खोट आहे त्याच्यात. चूक माह्या हाताची आहे.”

“तुमच्या हाताची, शेठ?” काकू हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली.

“हाताले समजत नाई आता. वारं गेलं तेव्हापासून. दोन वर्षं झाली.”

 एका दिराने हळूच मामाजींच्या हाताकडे बघितलं. त्यांनी तो हात लपवला नाही, गुडघ्यावर होता तसाच राहू दिला.

“मंग दोन वर्षं आमी नेलं ते?” काकूंनी विचारलं.

“ते सगळं हिनं पाहिलेलं आहे. तिचा हात माह्याहून चांगला.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. शहाणी बाई ती, विचारायचं तेच विचारलं. “मंग हे हिनं काहून नाई पाहिलं?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आज मला सांगता येत नाही. बहुधा खरं बोलले असते, आणि माझ्या बाबांचं नाव त्या ओसरीवर कायमचं पडलं असतं. पण माझ्याआधी मामाजी बोलले.

“हिले दाखवलंच नाई. व्याह्याच्या घरचा माल, म्हणून म्हटलं आपल्याच हातानं घ्यावा. मोठेपणा केला. बुढ्ढ्याची खोड. सूत विकणाऱ्यानं व्याह्याले फसवलं, अन् मले हात लावून समजलं नाई.”

कापडाच्या बाबतीत त्या माणसाने आयुष्यात सांगितलेलं ते पहिलं खोटं. निदान माझ्यासमोर सांगितलेलं पहिलं. आणि ते सांगण्यासाठी त्यांनी आधी स्वतःजवळचं एकुलतं एक झाकलेलं खरं सगळ्यांसमोर ठेवलं होतं. मी मुलाला छातीशी धरून मान खाली घातली. मला इतकी लाज वाटली आणि इतकं प्रेम वाटलं की दोन्ही वेगळं करता येईना.

काकूंनी पिशवीतलं दुसरं लुगडं उचललं आणि मामाजींच्या पुढे न धरता माझ्या पुढे धरलं. “तू सांग, बाई.”

मी पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नऊच्या नऊ वार, सगळं लुगडं बोटांखालून घातलं. वेळ लागला. सगळे थांबले.

“खरं आहे,” मी म्हणाले.

बातमी आमच्या आधी तुमसरला पोचली. शेठचा हात गेला, म्हणून लोक आठवडाभर दुकानात डोकावून गेले. काही गिऱ्हाइकं तुटली, समोरच्या दुकानात जायला लागली. मामाजींनी त्याचं काही वाटून घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तर दाखवलं नाही. त्यांनी गादीवर स्वतःची बसायची जागा वीतभर सरकवली आणि मला आतून हाक मारली, “सूनबाई, आता परद्याआडून काय करते? इथं येऊन बस.” नवऱ्याने भुवया उंचावल्या, शेजारच्या दुकानदारांनी तोंडं वाकडी केली. डोक्यावरचा पदर सावरत मी बसले ती बसलेच. मामाजी बाजूला ठाण मांडीवर घेऊन बसायचे, कापड फाडल्याचा आवाज ऐकायचे आणि मी काही बोलायच्या आत म्हणायचे, “सूत कच्चं आहे ना?” बहुतेक वेळा बरोबर असायचं.

दसरा झाल्यावर मी माहेरी गेले. माय खंगली होती, पण भिंतीला टेकून सूत काढायला लागली होती. बाबांनी मागावरूनच विचारलं, “सानगडीच्या बाईले आवडलं लुगडं?”

“आवडलं,” मी म्हटलं. मामाजींचं खोटं एकटं कशाला पडू द्यायचं.

“बरं,” ते म्हणाले आणि धोटा फेकला.

पुढच्या वर्षी बाबा नवं लुगडं घेऊन दुकानात आले. घडी मामाजींच्या हातात दिली नाही, माझ्याही नाही. गादीवर उभे राहून त्यांनी स्वतः सगळे नऊ वार उलगडले, दारातल्या उजेडात धरले, आणि मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे, सरळ. तसं ते कधी कोणाला उलगडून दाखवत नसत. मी हात घातला. मायची गाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत होती. मी सगळ्यांसमोर काठ बाहेर ठेवून घडी केली आणि त्या दिवशी बाबा पहिल्यांदा आमच्याकडे जेवले.

सानगडीहून परत आणलेलं लुगडं मामाजींनी मला दिलं होतं. म्हणाले, विकायचं नाही, जाळायचं नाही, नेसून चुलीजवळ जायचं नाही. आता मामाजी नाहीत, बाबा नाहीत, माय तर त्या दोघांच्या आधी गेली. ते लुगडं माझ्या पेटीत आहे. उन्हाळ्यात एकदा बाहेर काढून ऊन दाखवते आणि डोळे मिटून पदरापासून बोट फिरवत जाते. चार वार माय असते. मग दोन हात ती नसते. त्या दोन हातांत ती आजारी आहे, बाकीच्या सगळ्या लुगड्यात बरी आहे.

घडी मात्र मी काठ आत ठेवून करते.